आजोबांचा सॅक्सोफोन वाजण्याजोगा आहे का, कसं ओळखायचं?

दांडिया बाजारातल्या जुन्या घरात आजोबांचा अमेरिकन आल्टो (मधल्या आकाराचा सॅक्सोफोन) सापडला, एकही सूर धड लागत नाही, पॉलिशला द्यावा की मोडीत काढावा, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. मीही बडोद्याचाच, पंधरा वर्षं आल्टो वाजवतोय.

आधी वाद्य पालथं करा. अंगठा टेकवतात त्या बाजूला नंबर कोरलेला असेल. शेजारी 'एल' किंवा 'लो पिच' असेल तर जीव भांड्यात पडला म्हणा. 'एच', म्हणजे हाय पिच, असेल तर मात्र थांबा. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत दोन पट्ट्यांची वाद्यं बनत. आजचा ए हा सूर ४४० हर्ट्झचा, हाय पिचचा साधारण ४५७. म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये अडकलेला. माउथपीस (तोंडात धरायचा भाग) बाहेर ओढून हे सुधारत नाही, कारण भोकांची अंतरंच आखूड नळीसाठी आखलेली असतात. माझं पहिलं वाद्य असंच निघालं. सगळे पॅड (भोकं झाकणाऱ्या चामड्याच्या गाद्या) नवे घातले आणि तालमीत पेटीशी ते एकदाही जुळलं नाही. फार लागलं होतं मनाला. अक्षर कोरलेलं नसेल तर नव्या आल्टोशेजारी ठेवून बघा. हाय पिचचं वाद्य आखूड भरतं.

सूर न लागण्याचं कारण बहुधा पॅड. पडून पडून चामडं ताठरतं, चिरतं, भोक पुरतं झाकलं जात नाही. अंधाऱ्या खोलीत नेक (वरची वाकडी नळी) काढून नळीत दिवाळीची बारीक एलईडी माळ सोडा आणि एकेक की हलक्या बोटाने दाबा. कडेने उजेड दिसला की तिथून हवा जातेय. शंका वाटेल तिथे पतंगाच्या कागदाचा चिंचोळा कपटा पॅडखाली धरून ओढा. सगळ्या बाजूंनी सारखाच अडला पाहिजे. वरच्या एका पॅडच्या गळतीनेही सगळ्यात खालचा सूर, बी फ्लॅट, गुरगुरतो, म्हणून तपासणी वरून खाली.

पॅड, कॉर्क, गंजलेल्या स्प्रिंगा बदलता येतात. नेकची कमान दबलेली किंवा नळी वाकलेली असेल तर जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय खर्च करू नका.

आणि पॉलिश अजिबात नको. बफ मारला की पितळ झिजतं, कोरीव नक्षी पुसट होते. काळवंडल्याने आवाज बिघडत नाही.

आजोबांचा माउथपीस असेल तर नवी रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) लावून तो आधी कुणाच्या तरी चांगल्या आल्टोवर फुंकून बघा. तिथेही कण्हला तर दोष नळीचा नसेल.