रोमन लीजनची नाणी जमवायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही जर्मनीत राहता, रोमन लीजनांचे (म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांचे) आकडे असलेली नाणी जमवायचा विचार आहे, आणि तुमचे दोन प्रश्न आहेत: रोमन सेनानी मार्क अँटनीने पाडलेली अख्खी मालिका गोळा करावी का, आणि नंतर ती भारतात आणता येईल का. मी इंग्लंडात राहून गेली दहाएक वर्षं हाच नाद करतोय. अँटनीपासून सुरुवात जरूर करा, पण 'अख्खी' हा हट्ट आत्ताच सोडा. पहिल्या लीजनचं नाणं अतिदुर्मीळ आहे, आणि त्या नावाने विकायला येणारं बरंचसं आकडा कोरून बदललेलं असतं. मालिका तेविसाव्या लीजनपर्यंतच आहे, त्यापुढचा आकडा कोणी दाखवला तर ते नाणं घेऊ नका.

ही नाणी इसवीसनपूर्व 32-31 मधली. अँटनी आणि क्लिओपात्रा ग्रीसमध्ये तळ ठोकून होते, समोर रोमच्या सत्तेसाठीचा प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन, आणि एवढ्या मोठ्या फौजेचा पगार भागवायचा होता. म्हणून हे चांदीचे डिनेरियस पाडले. एका बाजूला वल्ह्यांचं लढाऊ गलबत, दुसऱ्या बाजूला मधोमध गरुडध्वज, त्याच्या दोन्ही अंगांना निशाणं, आणि खाली 'लेग' व लीजनचा आकडा. अँटनीचा चेहरा कुठेच नाही. गलबताच्या वर 'अँट ऑग' एवढंच असतं, आणि नवखा माणूस हमखास ते 'ऑगस्टस' वाचतो. मीही वाचलं होतं. इथे 'ऑग' म्हणजे ऑगर, शकुन पाहणारा पुरोहित. ऑगस्टस ही पदवी ऑक्टेव्हियनला मिळाली इसवीसनपूर्व 27 मध्ये, तोवर अँटनी मरून तीन वर्षं झाली होती.

आता झिजेबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. या नाण्यांच्या चांदीत तांब्याची भेसळ होती आणि लोकांना ते ठाऊक होतं. मग लोकांनी चांगली चांदी गाठीला बांधली आणि ही नाणी बाजारात फिरवत ठेवली. परिणाम असा की जुनी चांगली नाणी वितळून गेली, आणि ही मात्र दोनशे वर्षांहून जास्त काळ या हातातून त्या हातात जात राहिली. रोमनांनी ब्रिटन घेतलं इसवीसन 43 मध्ये, म्हणजे नाणी पाडल्यावर सत्तरहून अधिक वर्षांनी. तरीही इथल्या शेतांत ती सापडतात. त्यामुळे गुळगुळीत अँटनी बघून नाक मुरडू नका. मी तर गलबत जवळजवळ पुसलेलं असलं तरी घेतो, आकडा मात्र वाचता आला पाहिजे.

माझं पहिलं नाणं 'तिसरी लीजन' म्हणून घेतलं होतं. घरी आल्यावर टेबललॅम्प आडवा करून नाणं हळूहळू फिरवलं, तर तीन उभ्या रेघांच्या अलीकडे, ध्वजाच्या दांड्याला लागून, एक तिरकी रेघ सावलीसारखी उठली. ते 'व्ही'चं उरलेलं अंग होतं. म्हणजे लीजन आठवी! विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याने समोरून प्रकाश टाकून फोटो काढला होता. तेव्हापासून मी नेहमी तिरक्या उजेडातला फोटो मागतो, आणि वजनही विचारतो. साधारण साडेतीन ग्रॅमपेक्षा फारच हलकं असेल तर आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असू शकतो. अशी मुलामा दिलेली नाणी त्या काळातही बनत, त्यामुळे ती जुनी असतात, पण किंमत तशीच कमी द्यायची. कडेला जोड दिसला किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर ते ओतीव, आजकालचं.

आकड्यांच्या लेखनातही मजा आहे. चौथी लीजन काही नाण्यांवर चार उभ्या रेघांनी लिहिलेली असते, आपल्या घड्याळांवर असते तशी. 'पाचातून एक वजा' पद्धतीचा प्रकारही आहे. बारावी, सतरावी आणि अठरावी या तिघींच्या काही नाण्यांवर लीजनचं बिरुदही आहे. ती महाग, नंतर बघा.

नाणं मिळाल्यावर घासू मात्र नका. आई इथे आली होती तेव्हा माझा काळपट डिनेरियस बघून म्हणाली, "चांदी अशी ठेवतात का रे?" आणि रांगोळी शोधायला निघाली. वेळेवर हातातून काढून घेतला.

अँटनीचा कंटाळा आला तर सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने इसवीसन 193 मध्ये आपल्या बाजूच्या लीजनांसाठी पाडलेले डिनेरियस आहेत. त्यांत चौदावी त्यातल्या त्यात सहज मिळते. खिसा सांभाळायचा असेल तर माझी शिफारस विमिनाशियमची, म्हणजे आजच्या सर्बियातल्या कोस्तोलाकजवळची, मोठी ब्राँझची नाणी. सम्राट गॉर्डियन तिसऱ्याच्या काळात ती सुरू झाली. मध्ये एक स्त्री उभी, एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला सिंह: बैल सातव्या क्लॉडिया लीजनचा, सिंह चौथ्या फ्लेव्हियाचा. आकडा वाचायची कटकटच नाही.

भारताबद्दल: 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे एकदा पुण्याला नेलेला अँटनी परत जर्मनीला आणायचं विसरा. कायमचे परतणार असाल तरच न्या, आणि निघण्याआधी जर्मनीचे निर्यातीचे नियम व आपल्या कस्टमचे नियम दोन्ही विचारून घ्या. खरेदीच्या पावत्या पहिल्या नाण्यापासून जपून ठेवा.