घरासाठी आर्किटेक्ट निवडताना त्यांच्या आधीच्या प्रकल्पांचा अनुभव खरा आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की दापोलीजवळ घर बांधायचं आहे. एका आर्किटेक्टच्या प्रोफाइलमध्ये हॉस्पिटल, मॉल, टाउनशिप अशी मोठी नावं आहेत आणि दुसऱ्या बाईंकडे दाखवायला चारपाच घरंच आहेत. हे वाचून राहवलं नाही. मी आर्किटेक्ट आहे, आणि लोकांच्या लेखी बरीच वर्षं मीच ती ‘दुसरी बाई’ होते.

प्रोफाइलमधल्या मोठ्या नावावरून काहीही कळत नाही, हे स्पष्टच सांगते. एका हॉस्पिटलवर ऑफिसातली कितीतरी माणसं राबतात. कोणी कन्सेप्ट करतं, कोणी महापालिकेची मंजुरी काढतं, कोणी फक्त थ्रीडी व्ह्यू बनवतं. पुढे प्रत्येकाच्या बायोडेटात तेच हॉस्पिटल त्याच एका ओळीत येतं.

मुंबईत नोकरीला असताना उपनगरातल्या एका हॉस्पिटलची जवळजवळ सगळी वर्किंग ड्रॉइंग्ज, म्हणजे ज्यावरून साइटवर प्रत्यक्ष बांधकाम होतं ते मापांसकटचे नकाशे, माझ्या हातची होती आणि साइटवर जाणारीही मीच. आयसीयूच्या दारासमोरचा कॉरिडॉर कागदावर २.४ मीटर रुंद होता. मागाहून आग विझवण्याच्या पाइपांसाठी नेमकी तिथेच एक डक्ट, म्हणजे पाइप झाकणारी उभी पोकळी, बाहेर आली. शिवाय गिलावा, टाइल्स आणि भिंतीला खाटा घासू नयेत म्हणून लावायचे बंपर यांनीही रुंदी खाल्ली. कागदावर खाट वळत होती, पण जेमतेम. मी सुताराकडून खाटेच्या मापाची, २.१ बाय १ मीटरची प्लायची फळी कापून घेतली आणि खाली चाकं बसवायला लावली. गवंड्याने सिमेंट न लावता विटा नुसत्या मांडून भिंती आणि दार धरून दिलं. एका बिगाऱ्याच्या हातात सलाइनच्या स्टँडसारखी सळई देऊन त्याला फळीबरोबर चालवलं. फळी दारातच अडकली. दोघांनी मागून उचलून फिरवली तेव्हा कुठे आत गेली, आणि खऱ्या खाटेवर पेशंट असतो. वीटकाम उठायच्या आत डक्ट मागच्या स्टोअरमध्ये सरकवली आणि दार दीड पल्ल्याचं, म्हणजे एक मोठा आणि एक लहान पल्ला असलेलं, केलं. यासाठी प्लंबिंगवाल्यांशी, फायर कन्सल्टंटशी आणि आमच्याच ऑफिसातल्या वरिष्ठांशी भांडले, कारण सुधारित ड्रॉइंग काढायला कोणालाच वेळ नव्हता. आज त्या दारातून खाट सरळ आत जाते.

पुढे रत्नागिरीत स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. एक डॉक्टर दांपत्य छोट्या नर्सिंग होमसाठी आलं. मी त्या हॉस्पिटलचं काम सांगितलं. त्यांनी रीतसर माझ्या जुन्या ऑफिसला फोन करून चौकशी केली. तिथून उत्तर मिळालं, ‘हो, त्या आमच्याकडे ड्राफ्टिंग करायच्या.’ काम गेलं. प्रकल्प ऑफिसचाच असतो आणि नाव ऑफिसचंच लागतं, याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. पण साइटवर उभं राहून निर्णय घेणाऱ्या माणसाला ड्राफ्ट्समन, म्हणजे दुसऱ्याने ठरवलेलं कागदावर उतरवणारा, म्हणणं म्हणजे खोटी साक्ष देणं आहे. (ड्राफ्ट्समनला कमी लेखण्याचा हेतू नाही. चांगला ड्राफ्ट्समन अर्धं ऑफिस सांभाळतो.)

आमच्या व्यवसायात हे वरपासून खालपर्यंत चालतं. आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं समजलं जाणारं प्रिट्झकर पारितोषिक १९९१ मध्ये एकट्या रॉबर्ट व्हेंचुरी या अमेरिकन आर्किटेक्टना मिळालं. डेनिस स्कॉट ब्राउन त्यांच्या बरोबरीच्या भागीदार आणि पत्नी, त्यांचं नाव त्यात नव्हतं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी ते जोडावं म्हणून अर्ज केला, हजारो लोकांनी सह्या केल्या, आणि समितीने नकार दिला. याच्या उलट आपले पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी बघा. पॅरिसमध्ये चंदीगड शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टच्या ऑफिसात काम केलं, मग अहमदाबादेत त्यांच्या इमारतींवर देखरेख केली. त्या इमारती ते आयुष्यभर कॉर्बुझिएंच्याच म्हणत राहिले, आणि २०१८ चं प्रिट्झकर मिळालं ते स्वतःच्या कामावर. दुसऱ्याचं काम दुसऱ्याचं म्हणून सांगण्याने कोणी लहान होत नाही.

म्हणून दोघांनाही एकच प्रश्न विचारा: ‘या प्रकल्पात तुम्ही नेमकं काय केलंत?’ ज्याने काम केलंय तो लगेच जिन्याबद्दल, गळतीबद्दल, ठेकेदाराबरोबरच्या वादाबद्दल बोलू लागेल. ज्याने नुसतं नाव लावलंय तो पुन्हा चौरस फूट सांगेल. रंगीत व्ह्यू बाजूला ठेवा आणि एखाद्या पूर्ण झालेल्या घराचा वर्किंग ड्रॉइंग्जचा गठ्ठा मागा. आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक तर बघाच, तो सीए (CA) अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे नोंदणीचं वर्ष असतं.

जुन्या ऑफिसला फोन केलात तर ‘त्या तुमच्याकडे होत्या का?’ एवढंच विचारून ठेवू नका. साइटवर कोण जायचं, ड्रॉइंगवर कोणाची सही असायची, अडचण आली की गवंडी कोणाला फोन करायचा, हे विचारा. आणि ऑफिस चालवणारं कोणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगते, माणूस सोडून जाताना अनुभवाच्या पत्रात त्याने कुठल्या टप्प्याचं काय काम केलं ते लिहून द्या. एका परिच्छेदाचं काम आहे.

दापोलीला पाऊस नैऋत्येकडून आडवा मारतो. त्या बाजूची भिंत, पडवी आणि छज्जे कसे धरलेत, जांभ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय का आणि केला असेल तर आतली ओल कुठून बाहेर पडणार, हे विचारा. मॉल केलेल्या माणसाला याचं उत्तर येईलच असं नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. नोंदणी असली म्हणजे काम चांगलंच असेल असं नाही. आणि १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखून ठेवली आहे, काम नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय, त्यामुळे नोंदणी नसलेला कोणी प्लॅन काढून देत असेल तर तेवढ्यावरून तो बेकायदा ठरत नाही. दुसरं, मोठ्या ऑफिसातून आलेले सगळेच पोकळ असतात असंही नाही. ड्रॉइंगची शिस्त मी स्वतः तिथेच शिकले. तुमचं काम नर्सिंग होमचं असतं तर मीही आधी मोठ्या कामाचा अनुभव बघा म्हटलं असतं. तुमचं घर आहे. त्या बाईंनी बांधलेली घरं जुलैमध्ये, पाऊस चालू असताना बघून या, आणि घरमालकाशी बोलताना बाईंना बरोबर नेऊ नका.