डोकं तुटलं तरी झुरळ पळतं कसं?

प्रश्न: परवा रात्री पाणी प्यायला उठले तर मोरीच्या जाळीवर झुरळ, घाईत जाळी सरकवली आणि त्याचं डोकंच तुटलं. धड मात्र तसंच उभं, झाडूची काडी लावली तर दोन-चार पावलं चाललंपण! सातवीतली मुलगी विचारतेय, मेंदूच नाही तर पाय चालवतं कोण?
- एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: ताई, मुलीने नेमकं धरलंय. झुरळाचा सगळा कारभार डोक्यात नसतोच. त्याच्या पोटाच्या बाजूने मज्जातंतूंची एक दोरी जाते, तिच्यावर गाठी असतात आणि छातीतल्या 3 गाठी पायांच्या 3 जोड्या सांभाळतात. चालायचा ठेका तिथेच बनतो, एका बाजूचे पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे 3 पाय उचलले की बाकीचे 3 जमिनीवर, म्हणून तोल जात नाही. श्वासही अंगावरच्या भोकांतून घेतं, त्यामुळे डोकं गेलं तरी लगेच मरत नाही, कित्येक दिवस तग धरू शकतं.

आणि चप्पल उचलली की ते आधीच सटकतं ना, तेही असंच. शेपटाकडे दोन छोटी शिंगं असतात, त्यांवरचे बारीक केस हवा हलली की हलतात आणि निरोप जाड तंतूंतून थेट छातीतल्या गाठींकडे जातो, मेंदूला विचारत बसायला वेळच नसतो.

मग मेंदू काय करतो? निघायचं का, थांबायचं का, कुठे वळायचं, हे तो ठरवतो. याचा मला सगळ्यात थक्क करणारा पुरावा म्हणजे आंपुलेक्स ही हिरवीगार चमकदार गांधीलमाशी. ती झुरळाच्या छातीत एक डंख मारते, मग दुसरा नेमका डोक्यातल्या गाठींत. झुरळ लुळं पडत नाही बरं का, उलटं केलं तर सरळ होतं, पण स्वतःहून चालायला निघतच नाही. ती त्याची मिशी धरून त्याला बिळात नेते, ते मुकाट पायांनी चालत जातं आणि ती त्याच्या पायावर अंडं घालते.

मुलीला एक बघायला सांगा. झुरळाच्या वाटेत एखादी फळी आडवी आली आणि मिशा फळीला वरून टेकल्या तर ते बहुतेक चढतं, खालून टेकल्या तर खालून घुसतं. ही निवड मात्र डोक्यातली.