घुंगरू आणि युनिटं

प्रिय बाळ,

काल तुझ्या आईचा फोन आला. "युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, यूसीत, मिळालेली ॲडमिशन सोडून कम्युनिटी कॉलेजला जातेय, तेही डान्स घ्यायला! मंडळात काय सांगू?" मी हसले, पण तिची काळजी खोटी नाही.

आधी पैशाचं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची, फी युनिटमागे ४६ डॉलर. युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप. तिथल्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीची ६० युनिटं म्हणजे २,७६० डॉलर, वर पुस्तकं आणि किरकोळ शुल्क. यूसीत एका वर्षालाच १४ हजारांच्या वर जातात. बाबांसमोर हा कागद ठेव आणि गप्प बस.

मी हे वर्ग एकतिसाव्या वर्षी घेतले, मुलांना शाळेत सोडून. कथकमध्ये विशारद झालेली, त्यामुळे तोरा होताच. पहिल्याच आठवड्यात बॅलेच्या बाईंनी गिरकी घ्यायला सांगितली आणि मी सवयीने टाचेवर फिरले. त्यांना चवडा हवा होता. मॉडर्नमध्ये तर आणखी पंचाईत. जन्मभर जमिनीवर पाय आपटलेले, इथे जमिनीवर अंग सोडून द्यायचं. रडकुंडीला आले होते. तूही येशील. पण म्हणून कथक गुंडाळून ठेवू नकोस. तिहाई, म्हणजे तीनदा येणारा तोच बोल, कुठे येऊन पडणार हे ज्याला आधीच कळतं, त्याला नृत्यरचनेच्या वर्गात निम्मं काम फुकट मिळतं.

एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते. पास झालेला वर्ग सहसा पुन्हा घेता येत नाही, आणि एका प्रकारच्या वर्गांना चारदाच नाव घालता येतं. रोजच्या रियाजावर वाढलेल्या आपल्याला हे अजबच वाटतं! तेव्हा बॅलेच्या सगळ्या पातळ्यांचे वर्ग पहिल्या वर्षातच संपवू नकोस. पुढे लाँग बीच किंवा अर्व्हाइनच्या विद्यापीठात जायचं मनात असेल, तर त्यांना तुझ्या कॉलेजचे कुठले विषय चालतात ते असिस्टच्या संकेतस्थळावर पहिल्याच सत्रात बघ. दोन्हीकडे ऑडिशन असते. आणि शरीररचनाशास्त्र घेच. माझे गुडघे का दुखतात ते मला त्या वर्गात कळलं, तोवर वीस वर्षं तत्कार, म्हणजे पाय आपटणं, झाला होता.

नोकरीचं म्हणशील, तर कंपनीत पगारावर नाचणारे थोडे, आणि त्यांनाही बहुधा जोडीला शिकवावं लागतं. मला तुझी जागा सरकारी शाळेत दिसते. पूर्वी तिथे नृत्य शिकवायला शारीरिक शिक्षणाचं क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा सरकारी परवाना, लागायचं. २०१६च्या कायद्याने नृत्याचं स्वतंत्र क्रेडेन्शियल मान्य झालं. २०२२मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २८ हा प्रस्ताव मंजूर केला, त्यातून शाळांना कलाशिक्षणासाठी दरवर्षी वेगळा निधी मिळतो. ५०० किंवा जास्त मुलं असलेल्या शालेय डिस्ट्रिक्टना त्यातले किमान ८० टक्के माणसं नेमण्यावरच खर्चावे लागतात. अर्थात क्रेडेन्शियलसाठी आधी बॅचलर्स हवी, म्हणून कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जायची, ट्रान्सफरची, एवढी कटकट. कॉलेजात शिकवायला किंवा नृत्योपचाराला मास्टर्स लागते, ते पुढे बघू. मधल्या काळात पिलाटिसचा व्यायाम शिकवून भाडं निघतं. नाक मुरडू नकोस, मी चार वर्षं तेच केलं.

शनिवारी दुपारी ये. कॉलेजचा कॅटलॉग आण, घुंगरूही आण. आणि आईला म्हणावं, मंडळात कोणी विचारलंच तर माझा नंबर दे.

तुझी,
मावशी