राहिलेला पगार

प्रश्न : धुणं, भांडी, केर-फरशीला आमच्याकडे येणाऱ्या मावशी सुतारदऱ्यात राहतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायटीने कामवाल्यांना गेटबंदी केली. एप्रिलचा पगार मी पूर्ण दिला, मेचा अर्धा, जून-जुलैचा काहीच नाही. मिस्टरांचा पगार कापला होता हे खरं, पण त्याच जूनमध्ये आम्ही डिशवॉशर घेतला हेही खरं. ऑगस्टमध्ये मावशी परत आल्या, पैशांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. परवा माळा आवरताना त्या वर्षीचं कॅलेंडर सापडलं. दूध, पेपर, मावशींचे खाडे मी त्यावरच लिहिते. त्यात दोन महिने नुसत्या फुल्या. ते पैसे आता द्यावेत का? मिस्टर म्हणतात, तिने मागितले नाहीत, तू कशाला उकरून काढतेस?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : द्या. इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं, पण तुमच्या पत्राने माझंही एक गाठोडं सुटलं.

मी नारायण पेठेत राहते. २५ मार्चला लॉकडाऊन लागला, तो नेमका गुढीपाडवा. गुढीला गाठी मिळाली नाही म्हणून वाटीत साखर ठेवली. पुढे गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधून पत्रे ठोकले. सकाळी नऊला दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं, तेव्हा मी मोरीत भांडी घासत असायचे. आमच्या मोरीत एका खिळ्याला दोऱ्याने बांधलेला जुना टूथब्रश वर्षानुवर्षं लटकत होता. मला वाटायचं, कुणीतरी टाकायचा विसरलंय. आठवडाभर कुकरचं झाकण घासल्यावर उजेड पडला. रिंगेच्या खाचेत आणि शिट्टीच्या बुडाशी घासणी पोचतच नाही. बाईंनी तो स्वतःच्या कामासाठी बांधून ठेवला होता, आणि मी दोनदा फेकायला निघाले होते.

पगार मी पूर्ण दिला. त्यात पुण्य नाही. पेन्शन बँकेत जमा होत होती, भाजी आणि दूध सोडून खर्चच नव्हता. पण दिला कसा, ते ऐका. तेव्हा नोटांवरून रोग येतो अशी भीती होती. मी पाचशेच्या नोटा साबणाच्या पाण्यातून काढल्या, दोरीवर चिमट्याने वाळवल्या, वर इस्त्री फिरवली. पिशवीत घालून पत्र्यापाशी गेले, पिशवी खालच्या फटीतून पलीकडे सरकवली आणि चार पावलं मागे झाले. बाईंनी नोटा मोजल्या, एक नाकाशी धरली आणि विचारलं, “ताई, पावसात भिजल्या का हो?” एप्रिलमध्ये कुठला पाऊस! मी “हो” म्हटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या हातून आलेल्या वस्तूला मी हे सगळं केलं असतं तर निदान समजलं असतं, पण त्यांच्या हातात जाणाऱ्या नोटा मी कुणासाठी धूत होते? मग मागे कशाला झाले? अजून नीट उत्तर देता येत नाही.

आता मिस्टरांचा मुद्दा. मागितले नाहीत, कारण मागून काम गेलं असतं तर? त्या जूनमध्ये गेटाबाहेर काम शोधणाऱ्या कितीजणी होत्या, ते आठवा. आणि मागायचं कशाच्या जोरावर? मार्च २०२० मध्ये केंद्राने वेतन कापू नका असा आदेश काढला, तो कारखाने, दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी. घरातलं स्वयंपाकघर त्यात बसत नव्हतं, आणि मेमध्ये तोही मागे घेतला गेला.

हिशेब सोपा आहे, अडीच महिने. मात्र जुन्या दराने देऊ नका. तेव्हा अठराशे देत असाल आणि आज तीन हजार, तर साडेचार नाही, साडेसात हजार द्या. दिवाळीच्या बोनसमध्ये तर मुळीच मिसळू नका. बोनस म्हणजे तुमचा मोठेपणा, आणि हे त्यांचे राहिलेले पैसे. कुठल्या महिन्यांचे ते तोंडाने सांगा. कॅलेंडर दाखवलंत तरी हरकत नाही. मिस्टर ऑफिसला गेल्यावर, ओट्याशी दोघीच असताना सांगा. त्या “राहू द्या” म्हणतील. एकदा म्हटल्यावर तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल, तिथे सावध राहा. कदाचित त्या महिन्यांत घर कसं चाललं, कुणाकडून उसने घेतले, तेही सांगतील. मध्येच “आमचीही ओढाताण होती” म्हणू नका. डिशवॉशर तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

आणखी एक काम. आपल्या राज्यात २००८ पासून घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा सरकारने दीड हजार रुपये जाहीर केले, पण नोंदणी झालेल्यांनाच. माझ्या बाईंची नोंदणी नव्हती. जिथे काम करता त्या घरचा दाखला लागतो, आणि तो त्यांनी माझ्याकडे कधी मागितला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं. तुमच्या मावशींची झाली आहे का, ते याच आठवड्यात विचारा. दाखला दोन ओळींचा असतो. किती वर्षं काम करतात तेवढं नीट आठवून लिहा.