भुसावळला बसून जपानी शिकायचंय

प्रश्न: ताई, मी भुसावळची, बीएस्सीला आहे. इथे जपानीचा क्लास नाही. ऑनलाइन एक सर म्हणतात तीन महिन्यांत फाडफाड बोलशील, पण सगळी फी आधीच भर. भरू का?

उत्तर: अजिबात नको गं! आधी एक ट्रायल तास घे नि बघ, ते तुला बोलायला लावतात की एकटेच बोलत सुटतात. जपानीच्या हिरागाना नि काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं घरीच गिरव, त्याला कशाला पैसे. मराठी बोलणारं कोणी मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, 'मिझु ओ नोमिमासु' म्हणजे 'पाणी पिते', इंग्रजीतून शिकलीस की उगाच उलटापालट. आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन५मध्ये, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीत, बोलायची परीक्षाच नसते, त्यामुळे फाडफाडचं सर्टिफिकेट कोणी दाखवलं तर हसून सोडून दे.