खणाच्या कापडाची पहिली वही

पहिलीच वही आणि थेट आठ जुजांची (जुज म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या कागदांचा गठ्ठा) जाड शिलाई? थांबा जरा. आधी एकाच जुजाच्या तीन-चार पातळ वह्या करा. आठ कागद मधोमध दुमडायचे, घडीवर तीन भोकं, मधल्या भोकातून सुरुवात करून तिथेच गाठ. अर्ध्या तासात होते.

सुरुवातीला बहुतेकांचं बिघडतं ते इथे:

- कागदाची दिशा. मशीनचा कागद एका बाजूने सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. ज्या रेषेवर तो सहज वाकतो ती वहीच्या शिलाईच्या घडीला समांतर हवी, पुठ्ठ्याचीही. हे चुकलं की वही कधीच नीट मिटत नाही. माझ्या पहिल्या तिन्ही वह्या अजून आ वासून बसल्यात!
- खणावर थेट फेविकॉल. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण दिसतो भरदार, पण अंगाने पातळ. डिंक आरपार येतो आणि डाग जात नाही. आधी मागून पातळ कागद मैद्याच्या खळीने चिकटवा, रात्रभर वाळू द्या, मगच कापा.
- घाई. चिकटवल्यावर वजनाखाली एक पूर्ण दिवस. पाटा चालतो.

दाभण, मेण लावलेला जाड दोरा, स्टीलची पट्टी आणि धारदार कटर पुरे. महागडी अवजारं आत्ता नकोत.

डिझाइनसाठी मोबाइलवर तास घालवण्यापेक्षा आजीची गोधडी उलटून बघा. तिचा धावदोरा कडेकडेने आत वळत मध्यापर्यंत जातो. तोच वहीच्या मुखपृष्ठावर घालून पाहा, पण कापड पुठ्ठ्यावर चढवण्याआधी. कॉप्टिक शिलाईचं, म्हणजे अनेक जुजं साखळीच्या टाक्याने जोडण्याचं, नंतर बोलू. पहिल्या वहीचा फोटो टाका, वाकडी झाली तरी.